कोपरापर्यंत रिकामे हात

आमच्या गावात अक्कल वाडवडिलांकडून येते, म्हणून कोणी ती वापरत नाही. जशी मिळाली तशी झाकून ठेवतात आणि पुढच्या पिढीच्या हवाली करतात. माझी थोरली बहीण दिपाली नर्स झाली, तेव्हा या कोऱ्या अकलेचं गावात प्रदर्शनच भरलं.

सोसायटीच्या ओट्यावर तातेराव मालक बसलेले होते. तातेराव मालक म्हणजे पुसेगावच्या अलीकडची सगळी चांगली काळी जमीन, एक ट्रॅक्टर, एक जीप आणि आठ बोटांत मिळून सात अंगठ्या. आमचा बाप, आबा, समोरून जाताना त्यांनी हाक मारली.

"मसाजी, पोरीला नांदेडला एवढं शिकवलं ते काहून रे? लोकाच्या लेकराचं गू-मूत काढायला? आरं, मेंढराचं तर ती हितं बी काढून राहिली होती!"

ओटा हसला. आबाही हसला. आबाला हसणं भाग होतं, कारण उन्हाळ्यात रानं रिकामी झाली की आमची मेंढरं तातेरावांच्या शेतात बसायची. मेंढरं रात्रभर शेतात कोंडून ठेवायची, त्यांच्या लेंड्यांनी रान कसदार व्हायचं आणि त्या बदल्यात आम्हाला ज्वारी मिळायची. मालकाच्या विनोदाला हसणं त्या ज्वारीच्या भावातच धरलेलं असतं.

दिपालीताई मात्र हसली नाही. तिला हसण्याची सवय कमी. लहानपणी ती मेंढरांना ओरडायची तेव्हा मेंढरांबरोबर आम्हीही वळायचो.

नांदेडचं शिक्षण झाल्यावर वर्षभर तिनं कळमनुरीत एका दवाखान्यात नोकरी केली. तिथं एकच औषध होतं, सलाईन. माणूस तापानं येवो, कंबरदुखीनं येवो, नाहीतर भावकीत भांडून येवो, त्याला आडवा करून सलाईन लावायची. ताई कंटाळली. मग दोन हजार चार साली हिंगोलीत बसस्टँडच्या मागं लेकरांचा एक नवा दवाखाना उघडला. त्यात आत एक वेगळी खोली होती आणि त्या खोलीत काचेच्या पेट्या. कमी दिवसांचं, कमी वजनाचं, श्वासाला अडलेलं लेकरू त्या पेटीत ठेवायचे. ताईनं अर्ज केला. डॉक्टरांनी तिला घेतली, पण एका अटीवर.

"महिनाभर बघतो. काम जमलं तर ठेवून घेतो. मात्र पार्टीची तक्रार आली, तर महिना पुरा व्हायची वाट बघणार नाही."

पार्टी म्हणजे ज्यांचं लेकरू, ते लोक. आजारी लेकरू आणलं की आपल्याकडं माणसाची पार्टी होते.

इकडं मायनंही अट घातली. माझी माय भागाबाई कोणाच्या मागं राहणारी नाही. "हीबी नोकरी गेली तं गुमान मामाच्या पोराला व्हय म्हनायचं." मामाच्या पोरात दोष असा काही नव्हता. गुणही नव्हता. तो तोंडात गुटखा धरून भिंतीकडं बघत विचार करायचा आणि विचार संपला की भिंतीवर थुंकायचा. मामाच्या घरी नर्स चालणार नव्हती. तेव्हा काचेच्या पेट्या की गुटख्याची भिंत, हा सगळा प्रश्न त्या एका महिन्यावर येऊन ठेपला.

मी त्या वर्षी हिंगोलीला बी.ए. नावाचं काहीतरी करत होतो. आम्ही दोघांनी मिळून एक खोली घेतली होती. रोज दुपारी दवाखान्यात डबा पोचवणं हा माझ्या शिक्षणाचा सगळ्यात उपयोगी भाग होता. त्यामुळं पुढचं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलंय. आतलं तेवढं ताईनं सांगितलेलं.

त्या खोलीवर राज्य होतं अनुसयाबाईंचं. जुन्या, मुरलेल्या सिस्टर. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, आणि तोंडाला सुट्टी नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी ताईला बेसिनपाशी उभं केलं.

"हात. कोपरापर्यंत. अंगठी न्हाई, घड्याळ न्हाई, बांगडी न्हाई, दोरा न्हाई. देवाचा गंडा असंल तं देवाला म्हनावं, घडीभर भाईर बस. समजलं? ह्या लेकराला आपला आजार लागत न्हाई, आपला मळ लागतो. अन् तो बांगडीच्या खाली बसून असतो, सोयऱ्यावानी."

ताईनं हात धुतले. अनुसयाबाईंनी पुन्हा धुवायला लावले. आत गेल्यावर ताईनं पहिल्या पेटीत पाहिलं. कोकराएवढंसुद्धा नव्हतं ते. पायाला वायर, नाकात नळी, कातडी अशी की आतलं सगळं दिसावं. ती टक लावून बघत असतानाच यंत्र टींटीं करायला लागलं. ताई बाहेर पळाली. "बाई! बाई! लेकरू गेलं!"

अनुसयाबाई सावकाश आल्या. पायाची सुटलेली वायर परत लावली. यंत्र गप्प झालं.

"त्यानं पाय हलवला, बये. जित्तं हाय म्हनून हलवला. तेवढं तरी करू दे की त्याला."

हे ताईनं घरी येऊन सांगितलं तेव्हा मी आठवडाभर तिला बघितलं की "टींटीं" करायचो. तिनं एकदा पोळपाट फेकून मारला. पण आठवड्याभरात ती शिकली. नळीतून थेंब थेंब दूध कसं द्यायचं, पेटीच्या गोल खिडकीतून हात घालून लेकरू कुशीवर कसं वळवायचं, कुठलं टींटीं खोटं आणि कुठलं खरं. घरीसुद्धा ती भाकरीला बसायच्या आधी कोपरापर्यंत हात धुवायची आणि मला धुवायला लावायची. मी बी.ए.चा विद्यार्थी, माझ्या हातांना कशाचाच मळ लागायचा संबंध नव्हता, तरी.

आतलं काम तिला जमलं. अवघड होतं ते दाराचं. दारावर उभं राहून लोकांना बाहेर ठेवणं हेही नव्या सिस्टरच्याच गळ्यात होतं.

आपल्याकडं लेकरू बघायला जाणं म्हणजे नुसतं बघणं नव्हे. गालाला हात लावायचा, मुका घ्यायचा, आपल्या तोंडाचा वास त्याला द्यायचा आणि ते कोणावर गेलं यावर निकाल द्यायचा. एका लेकरामागं एक काळीपिवळी भरून माणसं यायची. बाहेरच्या बाकांवर फरसाण खायची, तिथंच हात पुसायची आणि दाराशी येऊन उभी राहायची. प्रत्येकाचा हक्क वेगळा. एक म्हणाला, मी लेकराचा मावसचुलता. एक म्हणाला, मी ग्रामपंचायत सदस्य, जणू रोगजंतू ओळखपत्र बघून वाट देतात. एका बाईनं शपथ घेतली की तिची नजर बाधत नाही. ताई सगळ्यांना एकच म्हणायची, "फक्त आई. हात धुऊन."

अशा त्या दवाखान्यापुढं एके दिवशी सकाळी तातेराव मालकांची जीप येऊन थांबली.

मालकांच्या सुनेला, कोमलला, सातव्या महिन्यातच कळा आल्या होत्या. चारच दिवसांपूर्वी थाटात ओटी भरली होती, जेवणावळ झाली होती, कासारानं तिच्या हातात हिरव्या बांगड्या पार अर्ध्या हातापर्यंत भरल्या होत्या. आणि आता मुलगा झाला होता, दोन ओंजळींत मावेल एवढा. लेकरू थेट पेटीत गेलं. कोमल वरच्या मजल्यावर खाटेवर. मालक, मालकीणबाई नर्मदाबाई आणि मागं सात-आठ माणसं पेटीच्या खोलीकडं निघाली. कोमलचा नवरा शिवशंकर सगळ्यात मागं. हा शिवशंकर पहिल्यापासून सगळ्यात मागंच. शाळेत माझ्या पुढं दोन वर्षं होता. बापानं हाक मारली की उभा राहायचा आणि बाप गेल्यावरसुद्धा बसायचं विसरायचा.

मालकांनी बुटांसकट दार ढकललं. ताई आडवी झाली.

"थांबा. आत फक्त आई."

"मी आजा हाय त्याचा."

"व्हय मालक. आजा भाईर."

मालकांनी मान खाली करून तिच्याकडं नीट पाहिलं. "आगं, तू मसाजीची न्हाई व्हय? मेंढरामागची?"

"व्हय."

मालक मागच्या माणसांकडं वळून हसले. "बघा! मेंढरं आडवायची ती आता मानसं आडवून राहिली." माणसं हसली. त्यांच्याही ज्वारीत ते धरलेलं असणार. मग मालकांचा आवाज बदलला. "सरक बाजूला."

"न्हाई सरकत."

"तुज्या बापाला सांगू का?"

"सांगा. त्यालाबी आत सोडनार न्हाई."

मालक डॉक्टरांच्या खोलीत गेले. त्या भागातली निम्मी लेकरं मालकांच्या सांगण्यावरून या दवाखान्यात यायची, हे डॉक्टरांना लेकरांच्या नावापेक्षा जास्त पाठ होतं. ते धावत आले. आमचे डॉक्टर हुशार माणूस, पण कणा त्यांनी शिकायच्या नादात कुठंतरी होस्टेलवर विसरलेला. मालकांसमोर ते ताईला मोठ्यानं म्हणाले, "सिस्टर, जरा नीट बोलत जा." आणि मालक लांब गेल्यावर हळूच, "सोडू नका हं आत. पण तक्रारही येऊ देऊ नका."

आता याला काय म्हणायचं? पाण्यात उतर पण भिजू नको.

दोन दिवस गेले. लेकराचं वजन वाढेना. कोमलचं दूध वाटीत काढून नळीनं चाललं होतं, पेटीची ऊब होती, तरी ते सुकत चाललं होतं. डॉक्टरांनी औरंगाबादच्या शिबिरात ऐकलं होतं की अशा लेकराला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायचं, कातडीला कातडी, तास तास. मग ते श्वासही नीट घेतं आणि वजनही धरतं. ते ताईला म्हणाले, "आईला आत घ्या." आणि पुन्हा, "तुम्हीच समजवा त्यांना. मला ओपीडी आहे."

ताई वर गेली. कोमल ऐकताच उठून बसली. पायात चप्पल घालायचं भान नाही. दोघी खाली आल्या, बेसिनपाशी उभ्या राहिल्या आणि ताई म्हणाली, "बांगड्या काढाव्या लागतील, वहिनी."

मागून नर्मदाबाईंचा आवाज आला. "काय काढाव्या लागतील?"

त्या दिवशी दवाखान्यातल्या सगळ्या लेकरांनी रडायचं थांबून ऐकलं असेल. "माझा लेक जित्ता उभा हाय अन् हिचे हात रिकामे करता? सवाष्णीचे? ओटीच्या बांगड्या? लेकरू तिकडं काचंत पडलंय, अन् ह्या अवदसा लेकाच्या जिवावर उठल्या!"

ताईनं समजावलं. मळ सांगितला, जंतू सांगितले, लेकराची कातडी सांगितली. नर्मदाबाईंना जंतू दिसत नव्हते, बांगड्या दिसत होत्या. अनुसयाबाई आतून येऊन म्हणाल्या, "बाई, मी रोज काढून खुंटीला लावते. माझ्या नवऱ्याला आजवर काई झालं न्हाई. लई वाट बघितली." याचा उपयोग व्हायच्या ऐवजी उलटाच परिणाम झाला. नर्मदाबाई सुनेचा हात धरून वर घेऊन गेल्या. कोमल मागं वळून दाराकडं बघत गेली. शिवशंकर जिन्यापाशी उभा होता. तो भिंतीला आणखी चिकटला, एवढंच त्याच्याकडून झालं.

संध्याकाळी मालकांनी फैसला केला. आमच्या घराण्यात बाईचे हात रिकामे होत नाहीत. पोरीनं माफी मागावी आणि कोमलला बांगड्यांसकट आत सोडावं, नाहीतर ते डॉक्टरांना लेखी तक्रार देणार. आणि मसाजीची मेंढरं यंदा त्यांच्या रानात दिसता कामा नयेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा हिंगोलीला आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी; दवाखान्याच्या फरशीवर तो असा उभा राहिला की फरशीला आपल्यामुळं त्रास होईल. ताई बाहेर आली.

"पोरी, जाऊ दे की त्यास्नी आत. तुजं काय जातंय? त्यांचं लेकरू, त्यांच्या बांगड्या."

"आबा, तुमाला ठाव न्हाई म्हनून सांगते. तक्रार आली की माझी नोकरी जाते."

"म्हनूनच म्हनतो, सोड."

"अन् सोडल्यावर लेकरू गेलं तं?"

आबानं घोंगडी सावरली.

"कोकरू ओलं असतं तवा तुमी किती जनाला हात लावू देता?"

आबानं काठी या हातातून त्या हातात घेतली. ओल्या, नुकत्याच जन्मलेल्या कोकराला माणसांचे हात फार लागले की त्याचा वास बदलतो आणि मेंढी त्याला जवळ घेत नाही. लहानपणी मी एकदा हात लावला होता म्हणून या माणसानं मला मेंढरांच्या वाडग्याबाहेर हाकललं होतं. आता तोच माणूस मालकांच्या बाजूनं बोलत होता, आणि ते त्याच्याही ध्यानात आलं.

"मग काय मालकाला हाकलू?" तो पुटपुटला.

"तुमी काई करू नका. हितं बसा. च्या घ्या." आणि माझ्याकडं वळून, "तू पन बस. तुला तसं बी काई काम नस्तं."

ती वर गेली. मी चहा सोडून मागोमाग गेलो. असा तमाशा बी.ए.ला लावलेला नव्हता.

वर नर्मदाबाई खाटेवर, कोमल भिंतीकडं तोंड करून. शिवशंकर दारात. मालक अजून यायचे होते. ताई नर्मदाबाईंच्या पायाशी फरशीवर बसली आणि एकदम गरीब आवाजात बोलायला लागली. हा आवाज मी ओळखत होतो. मेंढी अडून बसली की ती असाच काढायची.

"मालकीनबाई, एक इचारू? कासार जुन्या बांगड्या काढून नव्या भरतो, तवा घडीभर हात रिकामा व्हतो का न्हाई?"

"न्हाई व्हत. पदराचा काठ मनगटाला गुंडाळतो आमी. नवऱ्याच्या नावाचा."

"म्हंजे नवऱ्याच्या नावाचं काई तरी धरलं की चालतं."

"चालतंच की. पन तू तर दोरा बी चालू देत न्हाईस."

"आतमदी न्हाई चालत. पन हितं तर नाव कशाला, नवराच उभा हाय." ताईनं दाराकडं हात केला. शिवशंकर दचकून मागं बघायला लागला, नवरा म्हणजे आणखी कोण ते. "बांगड्या ह्यांच्या हातात द्या. खाली ठेवायच्या न्हाईत, खिशात घालायच्या न्हाईत. वहिनी आत हायेत तवर ह्यांनी भाईर धरून बसायचं. भाईर आल्या की ह्यांनीच परत भरायच्या. नवऱ्याच्या हातात चुडा असल्यावर बायकोचा हात रिकामा कसा म्हनता येईल?"

नर्मदाबाई विचारात पडल्या. त्यांना जेवढे रीतिरिवाज ठाऊक होते ते सगळे त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक करून जाताना मला दिसले. अशा प्रकारचा गुन्हा त्यात कुठंच नोंदलेला नव्हता.

"असं कुटं असतंय व्हय?" त्या अखेर म्हणाल्या.

"कुटं न्हाई, ते सांगा."

कोमल भिंतीकडून वळली. ती सासूकडं बघत नव्हती, ताईकडंही नाही. नवऱ्याकडं बघत होती. शिवशंकरनं कपाळाचा घाम पुसला, दोन पावलं पुढं आला आणि दोन्ही हात पुढं केले. प्रसादाला करतात तसे.

"दे," तो म्हणाला.

बेसिनपाशी अनुसयाबाईंनी साबणाच्या फेसानं एकेक बांगडी उतरवली. कासाराला लाज वाटेल अशा हातानं. एक चटकली. बांगडी फुटली म्हणायचं नसतं म्हणून अनुसयाबाई चटकन म्हणाल्या, "वाढवली." नर्मदाबाईंनी झर्रकन लेकाकडं पाहिलं. तो उभाच होता. त्यांनी आणखी जरा वेळ पाहिलं. तरी उभाच. मग कोमल कोपरापर्यंत हात धुऊन, हिरवा गाऊन घालून आत गेली, आणि दार लागलं.

आत काय झालं ते ताईनं थोडक्यातच सांगितलं. लेकरू छातीवर ठेवलं, वरून दुपटं घातलं. कोमलनं आधी त्याला हातच लावला नाही, हात हवेत धरून बसली. ताईनं तिचे हात धरून त्याच्या पाठीवर ठेवले. "बस, एवढंच," असं म्हणून ताई पुढं म्हणाली, "जेव गपचूप."

बाहेर मात्र सगळं मोठ्या प्रमाणावर चाललं होतं. बाकावर शिवशंकर, दोन्ही तळहातांवर हिरव्यागार बांगड्यांचा ढीग, मांडी हलू नये म्हणून ताठ. येणारा-जाणारा थांबून बघायचा. फरसाणवाले फरसाण विसरले. ग्रामपंचायत सदस्यानं विचारलं, "विकायला हायेत का?" शिवशंकरनं मान खाली घातली. पण उठला नाही.

तेवढ्यात तातेराव मालक आले.

पाठीमागं नेहमीची माणसं होती. आपण बाजार समितीच्या येत्या इलेक्शनला उभे, आणि आपला एकुलता एक लेक भर दवाखान्यात बायकोच्या बांगड्या धरून बसलाय, हे दृश्य मालकांच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. तिथं वाट अरुंद आहे.

"उठ," ते म्हणाले.

शिवशंकर सवयीनं अर्धा उठला. बांगड्या किणकिणल्या. तो परत बसला.

"उठता येत न्हाई, दादा. खाली ठेवायच्या न्हाईत."

मालकांनी त्याला सोडलं आणि डॉक्टरांची खोली गाठली. दार उघडंच होतं, त्यामुळं आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मेंढक्याची पोरगी. घराण्याची अब्रू. एक पेशंट येऊ देणार नाही. आजच्या आज. डॉक्टर बाहेर आले ते घाम पुसतच. ताईला हाक मारली. ती दारातून आली, ओले हात वर धरून.

"सिस्टर, हे बघा… तुमचं काम चांगलंय, पण मी आधीच सांगितलं होतं. पार्टीची तक्रार आली तर…" ते ताईकडं न बघता आगीच्या बंबाकडं बघत होते. "तुम्ही उद्यापासून…"

आबा भिंतीपाशी उभा राहिला. मला ताईचा चेहरा दिसत होता. ती रडली बिडली नाही. फक्त वर धरलेले हात हळूहळू खाली आले. मला एकदम ती गुटख्याची भिंत दिसली.

"डॉक्टरसायब," बाकावरून आवाज आला. इतका बारीक की आधी कोणाला कळेना कोण बोललं. "पार्टी म्हंजे कोन?"

डॉक्टर गोंधळले. "म्हणजे… तुमचेच वडील…"

"लेकरू कुनाचं हाय?"

"तुमचं."

"भरती करताना सही कुनी केली?"

"तुम्ही."

"मग पार्टी मी हाय." शिवशंकर बोलताना बांगड्यांकडंच बघत होता, मान वर करायची हिंमत त्याच्यात नव्हती. "माझी तक्रार न्हाई. ह्या ताई हितंच ऱ्हातील. त्या गेल्या तं मी लेकरू नांदेडला नेतो, अन् सगळ्यांना सांगतो काहून नेलं ते."

असं एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून शाळेतसुद्धा कोणी ऐकलं नव्हतं. डॉक्टरांनी एकदा बापाकडं पाहिलं, एकदा लेकाकडं. कणा तर नव्हताच, वारा कुठला एवढंच त्यांना बघायचं होतं. नांदेडचं नाव निघाल्यावर वारा फिरला.

"तक्रार नाही म्हणताय तर प्रश्नच मिटला," ते म्हणाले. "सिस्टर, उभ्या काय राहिलात? आत पेशंट आहे ना?" आणि ओपीडीत शिरले.

मालक लालबुंद. काहीतरी मोठं बोलायचं होतं, पण कोणाला बोलावं ते ठरेना. मग ते दाराकडं वळले. "मी नातू बघनार. आत्ताच. बघतो कोन आडवतं."

ताई बाजूला झाली. खरंच झाली. "या मालक. आईचं आटपलं की लांबून घडीभर दाखवते. हात तेवढे धुवा. कोपरापर्यंत. घड्याळ, कडं, दोरा, अंगठ्या."

बघायला आता पन्नास माणसं होती. मागं फिरलं तर मेंढरामागच्या पोरीनं फिरवल्यासारखं होणार. मालक बेसिनपाशी गेले. घड्याळ काढलं, कडं काढलं. धरायला कोणी नव्हतं म्हणून आबानं हात पुढं केला. मालकांनी ते आबाच्या हातावर ठेवलं. एकेक अंगठी निघाली. साबण, फेस, ओढाताण. बोटं वर्षानुवर्षं तूप खाल्लेली. सहा निघाल्या. सातवी, पुष्कराजाची, निघेना. अनुसयाबाई पुढं झाल्या, "आना हिकडं, मी काढते. सुनंच्या काढल्या की."

मालकांनी हात मागं घेतला.

"ही न्हाई निघत."

"निघंल की. फेस लावते."

"न्हाई!" मग जरा हळू, "इलेक्शनपर्यंत काढायची न्हाई म्हनून सांगितलंय. ज्योतिषानं."

कोणीही हसलं नाही. मालकांची माणसंसुद्धा नाही, आणि हसायची खरी जागा हीच होती. कोमलच्या बांगड्या घेऊन बसलेला शिवशंकर मान वर करून पहिल्यांदा बापाकडं बघत होता. मालकांनी आबाच्या हातातून अंगठ्या घेतल्या, ओल्या बोटांनी घालत घालत बाहेर गेले. जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

"मालकीनबाई," ताई नर्मदाबाईंना म्हणाली, "तुमाला यायचंय का? तुमच्या बांगड्या कुनाकडं देता?"

नर्मदाबाई खिडकीतून जीपकडं बघत राहिल्या. "जाऊ दे," त्या म्हणाल्या.

लेकरू जगलं. वजन हळूहळू वाढलं, महिना-दीड महिन्यानं ते घरी गेलं. ताईचा महिना त्याच्या आधीच भरला. डॉक्टरांनी 'ठेवून घेतलं' असं काही सांगितलं नाही. दुसऱ्या महिन्याचं ड्युटीचं कोष्टक लावलं, त्यात तिचं नाव होतं. एवढ्या मोठ्या माणसानं याहून जास्त काय करावं? मामाच्या पोरानं दुसरी भिंत शोधली. मालक इलेक्शनला पुष्कराजासकट पडले. आमची मेंढरं त्या उन्हाळ्यात त्यांच्याच रानात बसली, कारण लेंडीखताचा राग कोणाला परवडत नाही. आता ओट्यावर मालक सांगतात की आपल्या नातवाला त्यांनीच हिंगोलीला वेळेवर नेला, म्हणून वाचला. ओटा मान डोलावतो.

परवा मी डबा घेऊन गेलो तर बाकावर पाच जण ओळीनं बसलेले. सगळे मिशीवाले. कोणी सेनगावचा, कोणी कळमनुरीचा, एक जण तर पोलीस. प्रत्येकाच्या तळहातावर बांगड्या. लाल, हिरव्या, एकाच्या लाखेच्या. ताईनं आता तो नियमच करून टाकलाय. पोलिसाच्या नाकावर माशी बसली होती आणि त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते.

"भाऊ," तो मला म्हणाला, "जरा हाकल की."

मी हाकलली नाही. डबा ठेवला आणि समोरच्या बाकावर बसून बघत राहिलो.